जामीन

टन म्हणजे वजन नव्हे, दुकानदार म्हणाला.
एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना
जेवढी उष्णता पिऊन टाकतो, तेवढं ते माप.
दोन टनाचे तीन एसी घेतले
तर रोज सहा टन बर्फ
माझ्या पोरांच्या डोक्यांवर वितळणार.
मी कोटेशनच्या पाठीवर एक लादी काढली
आणि तिच्याखाली लिहिलं : दोन लाख वीस हजार,
स्टॅबिलायझर, वायरिंग, वाढीव लोड धरून.

मेडिकल चौकाच्या मागे, टिनाच्या छताखाली
माझी अभ्यासिका. साठ खुर्च्या.
आधी इथे माग चालायचे. भिंतीत त्यांचे खिळे आहेत,
पोरं त्यांना डबे टांगतात.
मार्चपर्यंत साठच्या साठ भरलेल्या.
नवतपा लागला की तेवीस.
कूलरच्या दमट वाऱ्यानं पुस्तकं फुगतात,
मनगटाच्या घामानं नकाशातली वैनगंगा पसरते.
पुढच्या गल्लीत एसी आहे, फी बाराशे.
माझी सातशे.
जाताना एक मुलगी म्हणाली,
‘मॅडम, तुमच्याकडे मन लागते,
पण डोकं चालत नाही.’

मॅनेजरच्या केबिनमध्ये वीस अंश होते,
बाहेर शेहेचाळीस.
मी प्रत्येक उत्तर जरा लांबवून दिलं.
उलाढाल, तीन वर्षांचे रिटर्न, विजेचं बिल,
उन्हाळ्यात पोरं जातात तर हप्ता कुठून भरणार?
हप्ता भरायचा म्हणूनच ती जाऊ नयेत, साहेब.
तो हसला. मशीन तारण राहीलच, म्हणाला,
पण मशीन जुनी होते.
एक माणूस द्या.
माणूस जुना होत नाही का,
हे विचारायचं राहून गेलं.

दिराचा फोन दोन दिवस नुसता वाजला.
मावसभावाला अचानक चंद्रपूरला जावं लागलं.

देवाजी हेडाऊ त्याच आठवड्यात आला,
खसाच्या ताट्या बदलायला,
अकरा वर्षं येतो तसा,
पोतं खांद्यावर, खिळे तोंडात.
‘कायचा फॉर्म आहे?’
मी सांगू लागले आणि अर्ध्यावर लक्षात आलं
कोणाला काय सांगून राहिले.
तो खस कोंबत राहिला.
चौथ्या कूलरची चौथी ताटी झाल्यावर बोलला,
‘मी राहतो न उभा.
पार्डीतलं घर माझ्याच नावानं आहे,
टॅक्सची पावती चालते ना?’
‘अहो, तुमचंच काम जाईल.’
‘ते तं जाऊनच राहिलं, मॅडम.
निदान कुठं गेलं ते दिसन.’

सही त्यानं सावकाश केली,
हेडाऊमधला ऊ रेघ सोडून वर गेला.

हप्ता सहा हजार पासष्ट, महिने छत्तीस.
म्हणजे नऊ पोरांची फी, थोडी कमी.
मी मनातल्या मनात नऊ खुर्च्या बँकेला दिल्या,
खिडकीकडच्या.
तिथं बसणाऱ्यांना हे माहीत नाही.
त्यांच्यातला एक रोज झोपतो,
आणि मला तो हिशेबात खुपतो.

डिसेंबरात मशीन बंद, हप्ता चालू.
पोरं शाली पांघरून बसायची,
मी रिमोट ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलेला,
जणू बंद यंत्रही कोणी झिजवेल.

यंदाच्या मेमध्ये अठ्ठेचाळीस.
साठ नाहीत. पण अठ्ठेचाळीस.
खसाचा वास मात्र गेला खोलीतून,
त्याची पावती कुठल्या फाइलमध्ये नाही.

देवाजी अजून येतो, महिन्यातून एकदा,
सायकल गेटला टेकवून.
जाळ्या काढतो, नळाखाली धुतो,
बँकेच्या स्टिकरवरची धूळ अंगठ्यानं पुसतो.
पैसे दिले की हात मागे घेतो.
‘जामीन आहो मी,’ म्हणतो,
‘माल पाहाले येतो.’
मग मधल्या एसीखाली उभा राहून
शर्टाचं वरचं बटण लावतो.